पाठवणीचा बाजा

रडणाऱ्या माणसाला कॉर्नेट वाजवता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोकांना वाटतं, पितळेच्या नळीत जोरात फुंक मारली की झालं काम. छे! ते वाद्य वाजतं ओठांवर. दोन्ही ओठ घट्ट मिटायचे, त्यांच्यामधून बारीक वारा सोडायचा आणि ओठ माशीच्या पंखासारखे थरथरवायचे. नळी बिचारी तीच थरथर मोठी करून गावाला ऐकवते. आता ज्याला हुंदका आला त्याचे ओठ वाकडे झालेच समजा. मग तिच्यातून बदकासारखा आवाज निघतो. माझ्या बाज्यात नवा गडी घेताना मी पहिलं हेच बजावायचो, "बाबा रे, लोकांना रडव, आपण रडू नको."

ह्याच धंद्यात माझा जन्म गेला. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत असं गाव नसेल, जिथली एखादी लेक माझ्या बाज्याने सासरी घालवली नाही. आज लग्नाला बाजा नसला तर पाहुणे नाक मुरडतात. मी सुरुवात केली तेव्हा मात्र इंग्रजी बाजा म्हणजे साहेबाचा आणि पलटणीचा. त्याच्यासाठी एका शहाण्याने कल्याणच्या रेल्वेतली कायमची नोकरी सोडली, म्हणून लोक त्याला बघायला यायचे. तो शहाणा म्हणजे मी, पास्कू.

आधी माझ्या बाबांविषयी सांगायला हवं, कारण नोकरी खरी त्यांचीच होती. त्यांचं नाव इनास. आम्ही ठाण्याचे किरिस्ताव, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारे. ठाण्याच्या खाडीवर आगगाडीचा पूल बांधायला घेतला तेव्हा बाबा दगड वाहायला गेले, आणि कंपनीचे झाले ते कायमचे. रेल्वेला आमच्याकडे कंपनीच म्हणत. पुढे ते रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत लागले. ऊन असो, पाऊस असो, डोक्यावर टोपी ती ठरलेली. ती उतरायची दोनच ठिकाणी, इगर्जीत म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आणि कुणाचं मयत समोरून जाताना. साहेब समोर आला तरी बाबा नुसते मान हलवायचे. ह्या ताठ माणसाने आयुष्यात एकदाच कुणाचे पाय धरले, ते मला कल्याणच्या इंजिनशेडमध्ये फिटर म्हणून चिकटवायला.

काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? जाण्यायेण्याला पास, अंगावर निळा डगला, आणि आळीत मान. माझी बायको रेजिना मला मिळाली तीही त्या डगल्यामुळे, असं ती स्वतः सांगायची. रविवारी इगर्जीत मी कॉर्नेट वाजवायचो. तिथल्या जुन्या मास्तरांनी लहानपणी माझे कान पिळून ते शिकवलं होतं. सहा दिवस इंजिन, सातव्या दिवशी कॉर्नेट. असंच चालत राहिलं असतं, पण एके दिवशी फोरमन साहेबाने माझ्यापुढे एक ढीग आणून टाकला.

कल्याणला गोऱ्या ड्रायव्हरांचा एक बाजा होता. त्यांना विलायतेहून नवी वाद्यं आली, म्हणून जुनी मोडीत निघाली होती. साहेब म्हणाला, "ठोकून चपटी कर आणि भट्टीत टाक." चाकांच्या आसाखाली पितळी ठोकळे लागतात ना, ते ओतायचे होते. मी हातोडा उचलला. ढिगात सगळ्यात वर एक कॉर्नेट होतं. पोचे पडलेलं, एक खटका अडकलेला, पण तोंडाला लावलं तर बाप रे, काय आवाज! इगर्जीतलं माझं कॉर्नेट त्याच्यापुढे सर्दी झाल्यासारखं वाटलं.

हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच. साहेबाला म्हटलं, "ही सगळी मला द्या, माझ्या पगारातून कापून घ्या." तो हसला. "वेडा आहेस. ह्यातलं एक तरी धड वाजेल का?" मी म्हणालो, "साहेब, तुमची इंजिनं मी धड करतो, मग ह्यांना काय धाड भरली?" तर मिळाली. शेडमधून सुटलो की मी तेवढंच करत बसायचो. लाकडी गोळा आत घालून पोचे काढायचे, भेगांना डाग द्यायचा, खटक्यांत तेल सोडायचं. आणि ती वाद्यं एकेक करून बोलायला लागली तसं मला शेडमध्ये करमेना. हा बाजा जर मी जिवंत केला, तर दुसऱ्यांनी तो का वाजवावा? लग्नांमध्ये नेला तर? मुंबईत पारशांच्या लग्नात बाजा वाजतो असं ऐकलं होतं. ठाण्या-कल्याणात कुणाकडेच नव्हता.

राजीनामा दिला त्या संध्याकाळी बाबा अंगणात जाळं विणत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

"कंपनी सोडलीस?"

"सोडली."

"आणि करणार काय?"

"बाजा."

"अरे, बाजा काय धंदा आहे? तो आहे रविवारचा. माझे हात बघ. ह्या हातांनी तुला शेडमध्ये बसवला. आणि तू लोकांच्या दारात पिपाण्या फुंकत फिरणार? बिनालग्नाच्या दिवसांत काय, पितळ खाशील?"

रेजिना आतून म्हणाली, "बाबा, जेवायला चला." बाबा जेवले नाहीत. मला त्या रात्री भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी सकाळी उठल्यावर मी पहिलं काम केलं ते कॉर्नेट तोंडाला लावायचं.

बाजा जमवला आमच्या आळीतूनच. कुणी सुतार, कुणी पाववाला, कुणी भात कापणारा, सगळे इगर्जीत गाणारे-वाजवणारे. जुन्या बाजारात पलटणीचे लाल कोट मिळाले, ते घातले. तालीम खाडीकडच्या शेतात करायचो, कारण आळीत केली तर कोंबड्या अंडी घालत नाहीत अशी तक्रार आली. गाणी किती येत होती म्हणाल, तर पलटणीच्या चालीची तीन आणि इगर्जीतली. संपलं भांडवल.

पहिलं गिऱ्हाईक कल्याणचे तांदळाचे व्यापारी दामूशेट. मुलीचं लग्न होतं, आणि मुंबईच्या व्याह्यांना दिपवायचं होतं. त्यांनी माझ्या हातावर सुपारी ठेवली. ही पद्धत बाहेरच्यांना सांगायला हवी. सुपारी हातावर पडली म्हणजे कार्य ठरलं. मग घर जळो की अंगात ताप असो, बाज्याने जायचंच. माझ्या सबंध आयुष्यात सुपारी घेऊन मी गेलो नाही असं एकदाही झालं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दामूशेटच्या दारात पोचलो तर वाटेत एक उंच, काळा, कानात भिकबाळी घातलेला माणूस आडवा उभा. हातात सनई. तो शंभूनाना गुरव. कल्याणातल्या लग्नकार्याला सनई वाजवायचा मान त्यांच्या घराण्याचा. आमच्या लाल कोटांकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कोण तुम्ही? पलटण?"

"बाजा."

"माझ्या मानावर आलात?"

भांडण पेटणार असं दिसलं. मी टोपी काढून म्हणालो, "नाना, मंगलाष्टकांना माझा बाजा वाजला तर तुमचं नाक जाईल, आणि माझंही. तिथे सनईच हवी. मला फक्त रस्ता द्या."

ते जरा नरमले. "मांडवात माझं, रस्त्यावर तुझं. कबूल?" कबूल. मग त्यांची नजर माझ्या कॉर्नेटवर गेली. वाजवणारा माणूस तो, राहवतंय थोडंच! मी पुढे केलं तर दोन पावलं मागे सरले. "नको, नको. तुझ्या तोंडचं उष्टं ते. लांबूनच दाखव." मी हातावर फिरवून फिरवून दाखवलं आणि त्यांनी लांबूनच डोळे भरून बघितलं. मला राग आला नाही. आम्हाला पाणीसुद्धा वरून ओतायचे लोक, आणि पंगत गोठ्याजवळ. त्याचं वाईट वाटायचं, आजही वाटतं. पण शंभूनाना लांब उभे राहून का होईना, नीट बघत होते.

नवरदेव घोड्यावर बसला. मी हात वर केला आणि आम्ही पलटणीची चाल सुरू केली. काय दणका उठला म्हणता! आख्खी आळी गच्च्यांवर, ओट्यांवर. आम्ही छाती पुढे काढून निघालो. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. मांडवाच्या दारात पोचून मी ऐटीत मागे वळलो, तर मागे रस्ता मोकळा! नवरदेव नाही, घोडा नाही, वऱ्हाड नाही. एक कुत्रं तेवढं आमच्याबरोबर आलं होतं. पलटणीची चाल ती, सैनिकाच्या पायाची. आणि इथे घोडा प्रत्येक दारात थांबतो, बायका ओवाळतात, करवली रुसते, कुणाचा शेला पडतो. आम्ही दोन गल्ल्या पुढे निघून आलो होतो. व्याही मांडवात बसलेले, ते बाजा बघून उठून उभे राहिले, आणि नवरा कुठे म्हणून शोधायला लागले.

दामूशेट घामाघूम होऊन धावत आले. "अहो मास्तर, लग्न नवऱ्याचं आहे की तुमचं? मागे फिरा! आणि हळू वाजवा, हळू!"

हळू! आम्ही एकमेकांकडे बघितलं. हळू चालीचं आम्हाला एकच येत होतं. आमच्याकडे मयत उचलून कबरस्तानाकडे नेतात तेव्हा वाजतं ते. पाववाल्याने माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "पास्कू, नको रे. पाप लागेल." मी म्हटलं, "इथे कुणाला ठाऊक आहे? वाजव!"

आणि वाजवलं. देवा शपथ सांगतो, घोडासुद्धा त्या तालावर पाय टाकायला लागला. बायका ओवाळून बाजूला होईपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर. मुंबईचे व्याही म्हणाले, "वा! किती गंभीर, किती घरंदाज!" दामूशेटची मान ताठ झाली. पुढच्या लग्नसराईत जो तो येऊन सांगायचा, "ते दामूशेटच्या वेळचं हळू गाणं, तेच हवं." मी तेच द्यायचो. धंदा म्हणजे धंदा.

मग ठाण्यात एक लग्न आलं. मिरवणूक आमच्या आळीवरून जाणार होती. मी त्यांना दुसरी वाट सुचवली, पण मुलाचा मामा ऐकेना. आळीच्या तोंडाशी आलो तेव्हा मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. बाबा दारात उभे होते. गाणं ऐकून कुणाचं तरी मयत येतंय असं समजून ते बाहेर आले होते. टोपी काढलेली, मान खाली, छातीवर क्रूस करताहेत. आम्ही पुढे आलो, बाबांनी मान वर केली, आणि समोर घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरा!

आळीतली माणसं हसली. बाबांनी टोपी डोक्यावर घातली आणि दार लावून घेतलं.

घरी गेलो तेव्हा ते वाट बघत होते. "मेलेल्या माणसाचा मान तू लग्नात विकलास," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "तुझी आई त्याच गाण्यावर गेली, पास्कू. आता ऐक. मी मेलो की माझ्या दारात तुझा बाजा आणायचा नाही. मला मुकाट्याने न्या. शपथ आहे तुला."

मी बाज्यावर पोट भरत होतो, घरात चार माणसं बाज्यावर जेवत होती, आणि माझ्या बापाला तो बाजा स्वतःच्या मयताला नको होता. लोक "मास्तर, मास्तर" म्हणायचे, शाली द्यायचे. मी हसून घ्यायचो आणि आत कुठेतरी खचायचो. ह्यापेक्षा शेडमध्ये राहिलो असतो तर बरं, असंही एकदोनदा मनात आलं.

त्यातून मार्ग काढला शंभूनानांनी. कल्याणला एका लग्नात जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ आले, नेहमीसारखे चार हात दूर बसले, आणि म्हणाले, "पास्कू, ते हळू गाणं कुठलं रे?"

"आमच्याकडचं आहे."

"तुमच्याकडचं आहे ते कळतंय मला. पण ते लग्नाचं नाही. त्यात कुणीतरी जातंय. खोटं बोलू नको, चाळीस वर्षं सनई फुंकतोय मी."

मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता गावभर बोभाटा. नाना बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मिरवणुकीत वाजवतोस ते चुकतंय. नवरा येतोय, आणि तू त्याला निरोप देतोस. पण पाठवणीला काय होतं? आईबापाच्या घरातून पोर उठते ती परत पाहुणी म्हणून येते. तिथे आमची सनईसुद्धा रडते. पण सनई मांडवातच थांबते. दारापासून बैलगाडीपर्यंतचा रस्ता मुका असतो. तो तुझा आहे. तिथे वाजव."

इतकं साधं, आणि मला सुचलं नव्हतं. मिरवणुकीसाठी मी नवी गाणी बसवली. नानांनीच तोंडाने म्हणून दाखवली, मी ती पितळेत उतरवली. त्यांनी शिकवताना कॉर्नेटला बोट लावलं नाही, पण खटका कुठला दाबायचा ते लांबून बरोबर सांगायचे. आणि ते हळू गाणं मी पाठवणीला ठेवलं. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मुलीचा बाप, चांगला दांडगा मिशीवाला, गाडीचा दांडा धरून ओक्साबोक्शी रडला. मग पसरलंच. आया येऊन सांगायच्या, "मिरवणुकीला काहीही वाजवा, पण माझी पोर निघेल तेव्हा ते हवं."

असला धंदा म्हटला की नाना तऱ्हेचे लोक भेटतात. डोंबिवलीला एका आगरी लग्नात गेलो होतो. गाव केवढंसं तेव्हा, चहूकडे भातखाचरं. त्यांच्याकडे लग्नाची गाणी म्हणणारी बाई असते, धवलारीण. ती गाऊनच लग्न लावते. आम्ही वाद्यं सरसावली तशी ती माझ्यावर उखडली, "ए बाजेवाल्या, तुजा भोंगा गप ठेव. माजा धवला सरं दे आदी." आम्ही गप. तिचा धवला दुपारी सुरू झाला तो संपेचना. आम्ही जेवलो, झोपलो, उठलो, परत जेवलो. उन्हं उतरली. शेवटी पाठवणीला तेवढं वाजवलं. यजमान वर खूश, "चांगला वाजवला!" निघताना त्या धवलारणीने मला ओंजळभर वालाच्या शेंगा दिल्या आणि म्हणाली, "तुला गप बसता येतं. मोठा होशील."

पावसाळ्यात लग्नं नसत. बाबांचा तो प्रश्न मी विसरलो नव्हतो. कल्याणला स्टेशनाजवळ एक खोली घेतली, बाहेर पाटी लावली, आणि पावसाळ्यात तिथे कंदील, चुली, देवळांच्या घंटा असं काय काय दुरुस्त करायचो. फिटरचे हात कामाला आले. पितळ खावं लागलं नाही.

बाबांच्या टोळीतला जुना सोबती रामा मुकादम. त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याने सुपारी आणून दिली ती मला. बाबा ठाण्याहून लग्नाला येणारच होते, मैत्रच तसं होतं. रामा मुकादम म्हणजे दगड. एकदा रूळ पायावर पडून बोट तुटलं तर ह्या माणसाने तंबाखू मागितली होती, असं बाबा सांगायचे. पाठवणीची वेळ आली. मी कॉर्नेट उचललं तेव्हा बाबा दाराच्या पलीकडे उभे दिसले. क्षणभर वाटलं, दुसरं काहीतरी वाजवावं. पण सुपारी घेतली होती, आणि मुलीच्या आईने तेच मागितलं होतं.

वाजवलं. मुलगी उंबऱ्यावर थांबली, मागे वळली, आणि रामा मुकादम दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. बाबा त्याच्याजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी वाजवत होतो म्हणून मला नीट बघता आलं नाही. मात्र एवढं दिसलं की बाबांची टोपी हातात होती.

लग्न आटोपल्यावर टोपी घालून ते ठाण्याला परतले.

पुढे बरीच वर्षं गेली. बाबा थकले, काठी आली. एका सकाळी मी कल्याणच्या खोलीत ढोलाची दोरी आवळत होतो, तेवढ्यात दारात काठी वाजली. बाबा! त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी उठलो, "बाबा, तुम्ही? एकटे आलात? बसा, पाणी आणतो."

"पाणी नको." ते गिऱ्हाइकांच्या बाकावर टेकले. भिंतीवर टांगलेली वाद्यं एकेक करून बघितली. "गिऱ्हाईक आलं तर काय विचारतोस?"

"कुणाचं कार्य, ते विचारतो."

"मग विचार."

माझ्या लक्षात येईना. "कुणाचं कार्य?"

"माझं."

बाबा म्हणाले, "पुढे विचार की. कसला धंदेवाला तू?"

"कुठून कुठे?"

"आपल्या दारापासून कबरस्तानापर्यंत."

"दिवस?"

"तो देवाला ठाऊक. आयत्या वेळी कळवतील."

"काय... काय वाजवायचं?"

"ते पाठवणीचं."

"बाबा, ते आपलं मयताचंच आहे. तुम्हीच तर..."

"आहे माहीत मला. तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे." त्यांनी खिशात हात घातला. "पण मला त्या रामाच्या पोरीसारखं जायचंय. लोकांनी म्हणावं, इनास नांदायला गेला. घे."

त्यांनी माझ्या हातावर सुपारी ठेवली.

"आणि बापूस म्हणून सूट देऊ नको," ते उठता उठता म्हणाले. "लाल कोट धुऊन घाला." दारापर्यंत आले, काठी टेकून थांबले. "कंपनी सोडलीस ते बरं केलंस रे. नाहीतर मला वाजवायला कोण होतं?"

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि त्या ढोलाजवळ बसून राहिलो. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. रेजिनाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हातारा माझ्याकडून नवी टोपी का शिवून घेत होता ते आत्ता कळलं."

बाबा त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. लाल कोट धुतलेले होते. आळीत माणूस मावेना, रुळांवरचे जुने सोबती आले होते, रामा मुकादम एका बाजूला बसला होता. कल्याणहून पहिल्या गाडीने शंभूनाना आले. आमच्या घरी ते कधी आले नव्हते. त्या दिवशीही अंगणाच्या कडेला, चार हात दूर उभे राहिले.

शवपेटी उचलली. माझ्या माणसांनी वाद्यं तोंडाला लावली आणि माझ्याकडे बघितलं. मी कॉर्नेट ओठांना लावलं. बदकासारखा आवाज निघाला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ओठ माझे राहिलेच नव्हते. पेटी खांद्यांवर थांबली. लोक माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांना बजावलं आणि वेळ आली तेव्हा मीच अडून उभा राहिलो होतो.

शंभूनाना दोन पावलं पुढे आले. "पास्कू," ते म्हणाले, "सुपारी घेतलीस ना?"

"घेतली."

"मग?"

मी डोळे मिटले. बाबा बाकावर बसलेले दिसले, धंदेवाला कसला तू म्हणणारे. ओठ आवळले आणि वाजवलं. पहिला सूर स्वच्छ आला, मग बाकीचे आपोआप. आम्ही आळीतून निघालो, हळू, अगदी हळू. आळीबाहेर आल्यावर दोन्ही बाजूंच्या घरांतून हिंदू आयाबाया दारात आल्या. हे गाणं त्यांच्या लेकींना घेऊन गेलेलं. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून शेजारणीला विचारत होती, "कुणाची पोर निघाली गं?" शेजारीण म्हणाली, "पोर नाही. आपले इनासबाबा निघाले." आणि दोघी रडायला लागल्या.

दारापासून कबरस्तानापर्यंत वाजवलं. एक सूर हलला नाही. बाबांनी ठरवून दिलेलं काम होतं, ते पूर्ण केलं.

माती पडली. मग मात्र मी तिथेच खाली बसलो. कॉर्नेट कुठे ठेवावं ते कळेना, ओल्या मातीत कसं ठेवायचं? तेवढ्यात समोर हात आला, काळा, लांब बोटांचा. "दे इकडे," शंभूनाना म्हणाले. माझ्या ओठांनी, माझ्या आसवांनी ओलं झालेलं ते कॉर्नेट त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, उपरण्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून उभे राहिले. मग मी पोटभर रडून घेतलं.